चौथी पट्टी

‘बघू’ या एका शब्दावर माणूस अख्खा क्लास चालवू शकतो, हे मला सरांना भेटेपर्यंत माहीत नव्हतं. मुलांची ग्रेडिंग कधी? बघू. माझ्या मुलीला पिवळा बेल्ट कधी? बघू. दिवाळीत क्लास चालू आहे की बंद? तेही बघू. मी शाळेत गणित शिकवते. वेळापत्रक, गुणदान, निकाल यांवर माझं घर चालतं. या माणसापायी माझं जेवढं रक्त आटलं, तेवढं दहावीच्या कुठल्याही बॅचने आटवलेलं नाही.

सर ब्राझीलियन जिउ-जित्सू शिकवायचे. म्हणजे थोडक्यात जमिनीवर लोळून लढायची कुस्ती. समोरच्याला खाली घ्यायचं, धरून ठेवायचं आणि त्याचा हात नाहीतर गळा अशा बेताने अडकवायचा की त्याने हार मानावी. हार मानायची तर हाताने थोपटायचं, समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर. याला टॅप म्हणतात. टॅप झाला की सोडायचं. लहान मुलांचे बेल्ट पांढरा, करडा, पिवळा, नारिंगी असे चढत जातात आणि प्रत्येक बेल्टच्या टोकाला प्रगतीप्रमाणे पांढऱ्या चिकटपट्टीच्या पट्ट्या लागतात. चार पट्ट्या झाल्या की पुढच्या रंगाची वेळ येते. हे एवढं गणित मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. सरांना ते समजलं होतं की नाही, याबद्दल मला शेवटपर्यंत शंका होती.

क्लास कात्रजच्या अलीकडे, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चालायचा. खाली लग्न असलं की वर क्लास नाही, असा मालकांशी करार. त्यामुळे जन्मात कधी पंचांग न उघडलेली मी मुहूर्त बघायला लागले. लग्नसराईत मुलांची प्रगती खुंटायची आणि चातुर्मासात भरभराट व्हायची. मुंज किंवा साखरपुडा असला तर क्लास व्हायचा. मग खालून मसालेभाताचा वास येतोय, कुणीतरी माइकवर ‘पहिली पंगत बसून घ्या’ म्हणतंय आणि वर पोरं एकमेकांचे गळे आवळताहेत, असा तो कार्यक्रम असे.

पूर्वी सर हिंजवडीत एका कंपनीत होते. कंपनीने त्यांना कामासाठी परदेशी पाठवलं. तिथे ते काम कमी आणि हे जास्त शिकले, परत आले आणि वर्षभरात राजीनामा देऊन मोकळे झाले. का सोडलीत म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, “कंपनीच्या बसमध्ये बसून पाठ गेली होती. आता लोळून बरी झाली.” यावर पुढे काय विचारणार? त्यांचा स्वतःचा बेल्ट तपकिरी होता म्हणे. आम्ही पाहिला तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या पातेलं उतरवायच्या फडक्यासारखा दिसायचा. काळा कधी घेणार, असं एका पालकांनी विचारलं होतं. उत्तर सांगायला नकोच.

मुलांना ते अहो-जाहो करायचे. सहा वर्षांचं, नाक ओढणारं पोर असलं तरी, “अहो शार्दूल, गुडघा आत घ्या. अहो, डोकं सांभाळा.” मोठ्यांना मात्र सरसकट ‘पालक’. नाव नाही, ताई नाही, मॅडम नाही. “बसा, पालक.” “पालक, चपला बाहेर.” मला शाळेत मुख्याध्यापकसुद्धा ‘बाई’ म्हणतात आणि इथे मी भाजीच्या नावाने ओळखली जात होते. एकदा न राहवून मी म्हटलं, “एवढ्याशा मुलांना अहो कशाला, सर?” तर म्हणाले, “ज्याचा गळा धरायचा, त्याला अहो म्हणावं.”

दाराच्या कडीला दोरीने एक नेलकटर बांधलेला असायचा. आत जाताना प्रत्येकाने हात पुढे करायचे, नखं वाढलेली असली तर तिथेच कापायची. आम्हा पालकांना आत प्रवेशच नव्हता. आम्ही जिन्यावर. दार अर्धवट उघडं असायचं, त्यातून हॉलचा एक तुकडा दिसायचा. निळ्या मॅट, कोपऱ्यातला पाण्याचा फिल्टर, आणि त्या फिल्टरशेजारी मांडी घालून बसलेले सर, समोर वर्तमानपत्र आणि त्यावर गवार. हो, गवार. हा माणूस मुलं लढत असताना संध्याकाळची भाजी निवडायचा. गवार नसली तर मटार. आणि मान वर न करता, “अहो जुई, कोपर बाहेर राहिलं,” असं बरोबर सांगायचा. पण मला त्याचं कौतुक वाटत नसे. परीक्षकाने भाजी निवडत पेपर तपासला तर आपण ऐकून घेऊ का?

फिल्टरच्या एका बाजूला चिकटपट्टीचे तुकडे ओळीने लावलेले दिसत. मला वाटायचं, फिल्टर गळतो. एवढा मोठा इंजिनिअर आणि दुरुस्ती चिकटपट्टीने, असं मी घरी नवऱ्याला म्हटलंही होतं.

आता जुईविषयी. जुई माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. अंगाने थोराड आणि जिद्दीची. हरणं तिला ठाऊक नव्हतं आणि मला त्याचा अभिमान होता, तो मी लपवतही नसे. करड्या बेल्टवर तिच्या चार पट्ट्या होऊन कितीतरी महिने झाले होते. आता पिवळा मिळायला काय हरकत होती? शिवाय माझ्या नणंदेचा मुलगा, अर्णव, खराडीला एका चकचकीत अकॅडमीत जायचा. तिथे एसी होता, आरशांची भिंत होती आणि दर तीन महिन्यांनी ग्रेडिंगचा सोहळा. अर्णवचा नारिंगी बेल्ट घेतानाचा फोटो नणंदेने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘जुई कुठपर्यंत आली?’ मी अंगठा पाठवला. जुईने तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि फोन परत दिला.

त्याच सुमारास मुलांच्या एका स्पर्धेत जुईने सुवर्णपदक मिळवलं. मुंबई-नाशिकहून मुली आल्या होत्या, सगळ्यांना हिने पालथं घातलं. सोमवारी पदक गळ्यात घालूनच ती क्लासला गेली. मी जिन्यावर पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसले. मनात म्हटलं, आज पिवळा.

क्लास सुटला आणि जुई खाली मान घालून बाहेर आली. बेल्टच्या टोकाला तीन पट्ट्या होत्या.

मी पेढे तिच्या हातात दिले आणि दारात उभी राहिले.

“सर, ही पट्टी पडली की काढली?”

“काढली.”

“कालच सुवर्णपदक मिळवून आलीय ती!”

“हो. छान खेळल्या.”

“मग?”

“पदक त्यांचं आहे. ते मी काढलेलं नाही.”

शाळेत माझा आवाज चढला की मागचा बाक गप्प होतो. सर गवारीच्या शिरा काढत राहिले. मग म्हणाले, “गेल्या आठवड्यात शार्दूलने टॅप केलं. यांनी लगेच सोडलं नाही.”

“लगेच म्हणजे काय? किती वेळ धरलं?”

“तुम्ही गणिताच्या ना? मी मोजलं नाही, पालक. शार्दूलने मोजलं असेल.”

पेढे तसेच घरी आले. वाटेत मी सरांविषयी जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. जुई रात्रीच्या जेवणाला बसली आणि भाताचा घास हातात धरून म्हणाली, “मी सोडणारच होते गं. फक्त मला वाटलं, अजून थोडं.” आणि मग रडायला लागली. “आई, मला कुणी निवडतच नाही.”

तेव्हा मला ग्रेडिंगची ती पद्धत कळली. दोन वर्षं मी जिन्यावर बसत होते आणि मला ती कुणी सांगितली नव्हती. ग्रेडिंगच्या दिवशी सगळी मुलं मॅटच्या कडेने बसायची. सर वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाला मध्ये बोलवायचे आणि विचारायचे, “आज कुणाशी खेळाल?” ते पोर बोट दाखवायचं. ज्याच्याकडे वारंवार बोट जायचं त्याचा बेल्ट पुढे सरकायचा. करडा झाल्यापासून जुईकडे कुणाचं बोट कधी गेलंच नव्हतं. दर वेळी ती पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसायची, आणि शार्दूलची नजर तिच्यावरून घसरून पुढे जायची.

पिवळ्या बेल्टचं जाऊ द्या. आपल्या लेकीला मुलं घाबरतात, हे कुठल्या आईला ऐकवेल? आणि नेमकं तेच सहन होत नव्हतं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सरांवर आणखी भडकले.

“निकष काय आहेत, ते लेखी द्या,” मी म्हटलं.

“निकष कसले? लहानाला विचारतो.”

“सहा वर्षांच्या मुलाला काय कळतं त्यातलं?”

“त्यालाच कळतं. आपल्याला कुठे दुखतं?”

मी ही पद्धत जिन्यावर इतर पालकांना सांगितली, आणि तिथून पुढे जे झालं ते फक्त आमच्याच जिन्यावर होऊ शकतं. शार्दूल म्हणजे किडकिडा, चष्म्याला मागून इलॅस्टिक लावलेला मुलगा. आठवड्याभरात त्याला इतक्या वाढदिवसांची आमंत्रणं आली की त्याची आई गोंधळून गेली. ती बिचारी बँकेत कॅशियर होती, जिन्यावर पूर्वी सगळ्यात खालच्या पायरीवर बसायची. आता तिला वरची, पंख्याखालची जागा मिळायला लागली. कुणी काजूकतली आणली, कुणी रिमोटची गाडी. मीही डबाभर चकल्या दिल्या. भाजणी घरची होती, एवढंच माझं वेगळेपण. पुढच्या ग्रेडिंगला शार्दूल तिकीट वाटणाऱ्या पुढाऱ्यासारखा मॅटवर फिरला आणि रिमोटची गाडी आणणाऱ्यांच्या मुलासमोर जाऊन थांबला.

सरांनी गवार बाजूला ठेवली. बाहेर आले.

“पालक,” ते म्हणाले, “शार्दूलचं वजन वाढलंय. आता ते सगळ्यात लहान राहिले नाहीत. चकल्या खुसखुशीत होत्या.” आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी कुणालाच काही मिळालं नाही.

जुईने मात्र माझ्या चकल्यांच्या वाटेने जायचं नाकारलं. तिने वेगळंच काढलं. संध्याकाळी मी वह्या तपासून उठले की ती मला बेडरूममधल्या गादीवर आडवी पाडायची. “आई, हात दे. आता मी धरते, तू टॅप कर.” मी करायची. ती सोडायची. “लगेच सोडलं का?” “सोडलं.” “खरं सांग.” “अगं, सोडलं म्हणते ना!” “मग परत.” साडीवर, गाउनवर, एकदा तर पोळ्यांची कणीक हाताला लागलेली असताना मी टॅप केलंय. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, “चहा ठेवू, की अजून कुणी जिंकायचंय?” माझं कोपर दुखायचं, कंबर धरायची आणि मी मनातल्या मनात सरांना शिव्या घालायची. पण एक दिवस लक्षात आलं की मी थोपटायच्या आधीच तिचे हात सैल होताहेत. ती माझ्या हाताकडे बघतच नव्हती. तोंडाकडे बघत होती.

आणि अशात सर पडले. पडावं कसं, हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवणारा माणूस मंगल कार्यालयाच्या जिन्यावरून पडला. जिलबीचं पातेलं वर न्यायला आचाऱ्यांना माणूस कमी होता, हे गेले मदतीला. पायरीवर पाक सांडलेला. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि क्लास बंद. किती दिवस? ग्रुपवर उत्तर आलं: बघू.

निम्मे पालक तेव्हाच दुसरीकडे गेले. मीही जुईला घेऊन खराडीला गेले, रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून. तिथल्या तरुण कोचने तिचा खेळ पाहिला आणि तिथल्या तिथे म्हणाला, “मॅम, वार्षिक पॅकेज घेतलंत तर पिवळा आजच देऊ. शी इज रेडी.” कुणीतरी मला मॅम म्हणालं, कुणीतरी माझ्या मुलीला तयार म्हणालं. मी पर्स उघडलीच होती. जुई म्हणाली, “इथे लहान मुलं निवडतात का?” कोच माझ्याकडे बघायला लागला. “मग नको,” ती म्हणाली आणि शूज घालायला लागली. परतीच्या वाटेवर मी तिच्याशी हडपसरपर्यंत बोलले नाही. समोर आयता पिवळा बेल्ट, आणि ही त्या गवारवाल्यासाठी थांबणार!

तीन-चार महिन्यांनी निरोप आला: रविवारी क्लास, शेवटचा. मंगल कार्यालय पाडून तिथे टॉवर होणार होता. खाली मांडवाचे बांबू निघाले होते, आचाऱ्यांच्या चुली थंड होत्या. दारात नेलकटर होता. आणि दार सताड उघडं. “पालक, आत या,” सर म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो, पाहुण्यांसारखे.

सर वाळले होते. डावा हात अंगाशी धरलेला. गवार नव्हती, एका हाताने निवडता येत नसावी. उरलेली मुलं कडेने बसली. जुई नेहमीसारखी पाठ ताठ करून, हात मांडीवर. शार्दूल होता, आणखी दोघे लहान होते. आता कुणाला उठवतात, म्हणून सगळी बघत होती.

सर स्वतःच मध्ये जाऊन बसले. म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, या हातात चार वर्षांच्या मुलाइतकी ताकद आहे. म्हणजे आज सगळ्यात लहान मी. मला विचारा.”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी शार्दूलनेच विचारलं, “सर, आज कुणाशी खेळाल?”

त्यांनी बोट नाही दाखवलं. तो डावा हातच उचलला, जेवढा उचलत होता तेवढा.

“अहो जुई,” ते म्हणाले. “याल का?”

मला तिथून ओरडून नको म्हणावंसं वाटलं. ऑपरेशनचा खांदा, आणि माझी थोराड मुलगी! जुई उठली. तिचे कान लाल झाले होते. समोर बसली आणि सरांनी तो हात तिच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी मनगट धरलं, मागे झुकली, पाय आडवे आले, हात लांब व्हायला लागला. इतकं हळू मी तिला कधी काही करताना पाहिलं नव्हतं. ती सरांच्या तोंडाकडे बघत होती. सरांची भुवई जराशी हलली असेल. त्यांचा उजवा हात मॅटकडे गेला, पण तो टेकायच्या आत जुईने सोडलं होतं.

सर मग उठले आणि फिल्टरपाशी गेले. त्या गळक्या, म्हणजे मी गळका समजत होते त्या फिल्टरवरच्या चिकटपट्ट्यांमधली एक त्यांनी नखाने हलकेच सोडवली. “हीच ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” जुई म्हणाली. “ओळीतली दुसरी. मी रोज पाणी पिताना बघायचे, आहे का म्हणून.”

त्यांनी ती तिच्या बेल्टवर लावली. ती मळलेली, कडा उचललेली जुनी पट्टी चिकटेना. ते अंगठ्याने दाबत होते, ती सुटत होती. जुई रडत होती आणि हसत होती. आणि मी, इतका वेळ गप्प राहिलेली मी, शेवटी बोललेच.

“अहो सर, नवी पट्टी तरी लावा! रोल आहे ना तिथे!”

“नवी मिळवलेली नाही त्यांनी. हीच परत मिळवलीय.”

“आणि पिवळा?”

“चार झाल्या. आता पुढच्या वेळी.”

“पुढची वेळ आहे कुठे? उद्या ही इमारत पाडताहेत!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील बघू. पण म्हणाले, “ही शिवून टाका, बाई.”

त्यानंतर ते बहिणीकडे गावी गेले. तिथे क्लास काढणार का, असं ग्रुपवर विचारलं होतं. उत्तर तुम्हीच ओळखा. जुई आता दुसरीकडे शिकते. तिथे पिवळा झाला, नारिंगी झाला, दोन्हींचे फोटो मी नणंदेला पाठवले. ते बेल्ट दाराच्या खुंटीला लटकत असतात, धुवायला टाका म्हणून मी ओरडत असते. करडा मात्र कपाटात, घडी घालून. त्या रविवारी घरी आल्याबरोबर मी सुई-दोरा घेऊन बसले होते. चिकटपट्टीतून सुई जाता जात नाही, डिंक दोऱ्याला लागतो, दोरा गुंततो. जुई शेजारी बसून म्हणत होती, “आई, घट्ट शिव, परत निघायला नको.” किती टाके घातले, ते गणिताच्या बाईंनी मोजले नाहीत.